एकानं वाचावं, सगळ्यांनी ऐकावं

अहिल्यानगरला, म्हणजे आमच्या तोंडी अजून नगरलाच, आमच्या मंडळीत शुक्रवारी संध्याकाळी वाचन असतं. शब्बाथशाळेत शिकवायला मी तरुणपणीच लागले होते. शाळेतली नोकरी संपल्यावर हे वाचनही हाती घेतलं. येणाऱ्यांत दुसरी-तिसरीतली मुलं असतात, बारावीच्या पोरी असतात, पेन्शनीत निघालेले मास्तर असतात आणि जन्मभर शेतमजुरी केलेल्या, अक्षर न ओळखणाऱ्या आज्याही असतात. एकानं शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग ज्याला वाटेल त्यानं बोलायचं.

ख्रिस्ती शिक्षण म्हटलं की आपल्या मंडळ्यांना आठवतात त्या वचनं पाठ करायच्या स्पर्धा, प्रश्नमंजूषा, नाताळचं नाटक आणि शेवटी बक्षीस समारंभ. त्यातून मुलांना आनंद मिळतो, तो मिळावाच. पण इतकी वर्षं मुलांमध्ये वावरल्यावर मला खात्रीनं सांगावंसं वाटतं की मोठेपणी माणसाजवळ उरतं ते चार जणांत बसून ऐकलेलं आणि त्यावर त्याला मोकळेपणानं बोलू दिलेलं. नव्यानं शिकवायला उभ्या राहिलेल्या मुली विचारतात, "बाई, सुरुवात कुठून करायची?" त्यांच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

१. मोठ्यानं वाचा

शास्त्र आधी कानांसाठी आहे. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा पाणीवेशीपुढच्या चौकात पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. पुरुष, बायका, समजण्याजोगी झालेली मुलं, सगळी उभी राहून ऐकतात आणि लेवी मधून मधून अर्थ उलगडून सांगतात. लोक रडू लागतात, तेव्हा त्यांना सांगितलं जातं की आज रडू नका, घरी जा, गोडधोड खा आणि ज्याच्या घरी काही शिजलं नाही त्याला वाटा पाठवा. पौलाची पत्रंही अशीच मंडळीत वाचली जायची. कलस्सैकरांना तो स्पष्ट कळवतो की हे पत्र वाचून झालं की लावदिकीयाला पाठवा आणि तिकडचं तुम्ही वाचा. प्रेषितांच्या कृत्यांत कूश देशाचा खजिनदार रथात एकटाच यशया वाचत होता, पण मोठ्यानं; म्हणून तर फिलिप्पाच्या कानावर ते पडलं आणि पुढचं सगळं घडलं.

आपल्या भाषेत तर ही रीत फारच जुनी. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, मराठी शिकले आणि त्यांनी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ साली साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या माणसांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांच्या कानांची भूक मात्र सुटली नव्हती. ती भूक या माणसानं ओळखली. रविवारी आणि सणाला देवळात त्याचं वाचन होत असे. आमच्या नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतही श्रावणात 'हरिविजय', 'पांडवप्रताप' लावायची पद्धत होती. एक जण पोथी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, सारी आळी ऐकते. आमच्या आज्या-पणज्या ते ऐकतच वाढल्या आणि पुढे ख्रिस्ती झाल्यावर त्याच कानांनी त्यांनी शुभवर्तमान ऐकलं. ही सवय आपल्या रक्तात आहे. ती मोडून प्रत्येकाच्या हातात छापील प्रश्नपत्रिका देण्यात काय मिळवलं, हा माझा सर्व शब्बाथशाळा अधीक्षकांना कळकळीचा प्रश्न आहे.

वाचणाऱ्यानं घाई करू नये. संवाद आला की क्षणभर थांबावं. कठीण नावं आधी घरी दोनदा म्हणून पाहावीत, म्हणजे 'मफीबोशेथ' आला की पोरं हसत सुटत नाहीत.

२. छोटं पुस्तक घ्या, पण सबंध वाचा

सुवर्णवचन पाठ करून घ्यायची पद्धत चांगली आहे. संकटात तेच ओठांवर येतं. पण नुसती वचनं पाठ झालेल्या मुलाला ती कोण, कुणाला, कशासाठी म्हणालं हे ठाऊक नसतं. म्हणून माझा आग्रह सबंध पुस्तकाचा. रूथचे चार अध्याय, योनाचेही चारच, एस्तेरचे दहा, मार्काचं शुभवर्तमान सोळा अध्यायांचं. रूथ किंवा योना मोठ्यानं वाचायला अर्धा तासही लागत नाही. एका बैठकीत सुरुवात, मध्य आणि शेवट कानांवरून गेला की मूल त्या पुस्तकाला आपलं म्हणू लागतं. नीतिसूत्रांचे एकतीस अध्याय घरी महिनाभर रोज एक असे सहज होतात. बारावीच्या पोरींनी एकदा ते आपण होऊन केलं आणि त्यातली आळशी माणसावरची सूत्रं भावांना मुद्दाम वाचून दाखवली.

आमच्यात एक कॅथलिक बाई येतात. आपल्याकडे शास्त्राची पुस्तकं ६६, त्यांच्याकडे ७३. त्यांनी एकदा विचारलं, "तोबीत वाचायचं का?" काहींनी भुवया उंचावल्या, पण वाचलं. चौदा अध्याय, आंधळा बाप, लांबच्या प्रवासाला निघालेला मुलगा आणि त्याच्या मागोमाग चाललेला कुत्रा. लहान मुलांनी पुढचे दोन शुक्रवार त्या कुत्र्याचीच चौकशी केली. कुणाच्या श्रद्धेला त्यानं धक्का बसला नाही आणि त्या बाई आता पाहुण्यासारख्या कडेला बसत नाहीत.

३. तात्पर्य सांगायची घाई नको

योनाचं पुस्तक घ्या. मुलांना त्यातला मासा तेवढा माहीत असतो, कारण शब्बाथशाळेच्या भिंतीवर त्याचंच चित्र असतं. सबंध वाचलं की त्यांच्या लक्षात वेगळंच येतं. एका मुलानं पहिल्या अध्यायातच हात वर केला: "बाई, ते खलाशी चांगले आहेत ना?" खरंच आहेत. योना स्वतः म्हणतो मला समुद्रात टाका, तरी ते आधी वल्ही मारून किनारा गाठायची शिकस्त करतात, आणि काहीच उपाय उरत नाही तेव्हा देवाची क्षमा मागून त्याला टाकतात. पुढे निनवेचा राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो. गुराढोरांनाही गोणपाट घालतात. मुलं मोजत गेली: परके लोक देवाचं ऐकतात, वारा ऐकतो, मासा ऐकतो, वेलीला लागलेला किडासुद्धा ऐकतो. रुसून बसतो तो एकटा संदेष्टा.

आणि पुस्तक संपतं ते देवाच्या प्रश्नावर. उजवं-डावं न कळणारी १,२०,००० हून जास्त माणसं आणि शिवाय एवढी जनावरं, त्यांची मला कीव येऊ नये काय? योनाचं उत्तर लिहिलेलंच नाही. "मग तो काय म्हणाला?" असं सगळी एकदम विचारतात. अशा वेळी शिक्षकाच्या जिभेवर तात्पर्य तयार असतं: म्हणून मुलांनो, देवाची आज्ञा पाळावी. ते गिळावं. त्या संध्याकाळी मी एवढंच म्हटलं की पुढच्या शुक्रवारी योनाच्या जागी बसून उत्तर द्या. चौथीतल्या एका मुलीनं लिहून आणलं की योना काहीच बोलला नाही, पण उन्हातून उठून शहरात गेला आणि पाणी मागितलं. एका मोठ्या मुलानं लिहिलं की योना अजून तिथंच बसलाय, कारण निनवेच्या लोकांनी त्याच्या माणसांना मारलं होतं आणि ते विसरणं सोपं नाही. दोन्ही वाचून दाखवली. त्यावर जी चर्चा झाली तिच्यात शेजारची गल्ली आली, गावातली भांडणं आली, भाऊबंदकी आली. मी तात्पर्य सांगून मोकळी झाले असते तर यातलं काही झालं नसतं.

४. ज्याला वाचता येत नाही त्याला पुढे बसवा

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रूथचा दुसरा अध्याय चालू होता. मवाबाची ही तरुण विधवा सासूबरोबर बेथलेहेमात येते आणि पोटासाठी सरवा वेचायला जाते. शहरातल्या मुलांना सरवा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मी सांगू लागणार तोच कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या, "थांबा बाई, मी दावते." गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, पदर खोचला, त्याची ओटी केली, कमरेत वाकल्या आणि फरशीवरून कणसं उचलावीत तशा पुढे सरकत गेल्या. कापणारे पुढे, सरवा वेचणारी मागे. मध्ये अंतर ठेवायचं, नाहीतर मालक ओरडतो. पेंढीला हात लावायचा नाही. कणीस खाली पडलेलं असेल तरच आपलं. ऊन डोक्यावर आलं की पाठ सरळ करता येत नाही. हे त्या सांगत होत्या आणि पोरं गप्प होऊन पाहत होती.

पुढे वाचलं: रूथनं संध्याकाळपर्यंत वेचून झोडपलं, ते एफाभर सातू भरलं. आजींनी विचारलं, "एफा म्हंजी किती?" मी सांगितलं, बावीसेक लिटर धरतात, म्हणजे तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात मावणार नाही इतकं. आजींनी मान हलवली. "एवढा सरवा एका बाईला एका दिवसात गावत नाय. मालकानं मुद्दाम टाकाय सांगितलं आसंल."

मी मागचं वचन पुन्हा वाचायला लावलं. शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना तेच सांगतो: पेंढ्यांमधून काही तिच्यासाठी मुद्दाम काढून टाका आणि तिला धमकावू नका. सगळ्यांनी ते काही क्षणांपूर्वीच ऐकलं होतं आणि कुणाच्याच मनात ते रुजलं नव्हतं. आजींनी मात्र धान्याच्या मापावरून मालकाचं मन ओळखलं. त्या दिवशी आम्ही लेवीयचा एकोणिसावा अध्यायही उघडला. शेताचे कोपरे कापू नका, सरवा गोळा करू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या, अशी आज्ञा तिथं आहे. त्यावर आजींनी आपल्या तरुणपणी कोणत्या वस्तीवर सरवा वेचू देत आणि कोणत्या वस्तीवर हाकलून देत, ते नावानिशी सांगितलं. बवाजाचा चांगुलपणा मला आयुष्यात पहिल्यांदाच इतका नीट कळला. ज्यानं शास्त्रातलं काम हातांनी केलंय तो त्या भागाचा खरा पंडित.

आपल्या भागात वाचनाची गोडी घरोघर नेली ती बायबलबाईंनी. पिशवीत शुभवर्तमान घेऊन त्या खेड्यापाड्यांतल्या ओट्यांवर बसत, वाचून दाखवत, आणि जिला हवं तिला अक्षरं शिकवत. लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. नारायण वामन टिळकांनी शिकवलं तेवढं शिकल्या, पुढे स्वतःच्या कविता रचल्या, पतीचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पूर्ण केलं आणि 'स्मृतिचित्रे' लिहिलं. ऐकणारी बाई कुठवर जाईल हे आपण कसं ठरवावं?

५. शंका विचारणारं मूल हे मंडळीचं धन

नववीतल्या एका मुलानं विचारलं, "शाळेत शिकवतात पृथ्वी अब्जावधी वर्षांची. इथं सहा दिवस. खरं काय लिहू?" मागून कुणीतरी म्हणालं, "असले प्रश्न इथं नको." मी म्हटलं, इथंच हवेत. मग आम्ही उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय लागोपाठ वाचले आणि मुलांना क्रम लिहायला लावला. पहिल्यात झाडं, मग जलचर आणि पाखरं, मग जनावरं, आणि शेवटी स्त्री-पुरुष बरोबरच. दुसऱ्यात आधी माणूस, मग बाग, मग पशुपक्षी, आणि शेवटी स्त्री. दोन क्रम जुळत नाहीत हे मुलांनी स्वतः पाहिलं. ज्यांनी हे दोन्ही अध्याय शेजारी शेजारी ठेवले त्यांनाही ते दिसतच होतं, आणि तरीही त्यांनी दोन्ही ठेवले. मग ते आपल्याला कशाबद्दल सांगताहेत, हा प्रश्न मुलांपुढे आपोआप आला.

संत ऑगस्टीननं पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्पत्तीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याची ख्रिस्ती लोकांना ताकीद आहे की आकाश, तारे, पृथ्वी यांविषयी अजाणतेपणी काहीबाही बोलून शास्त्राला हसू आणू नका. ते मी मुलाला सांगितलं. त्यानं परीक्षेत काय लिहायचं ते त्याला कळलं आणि पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा आला. माझ्या दृष्टीनं हे दुसरं जास्त मोलाचं. प्रभूनं देवावर प्रीती करायला सांगितली ती पूर्ण मनानंही; मन घरी ठेवून मंडळीत या, असं त्यानं कुठंच सांगितलं नाही. ज्यांना आपण दटावून गप्प केलं ती मुलं आज कुठल्याच मंडळीत दिसत नाहीत, हे सगळ्या पाळकसाहेबांना ठाऊक आहे.

६. शास्त्राशेजारी मराठी पुस्तकंही ठेवा

महिन्यातला एक शुक्रवार आम्ही इतर पुस्तकांसाठी ठेवला आहे. 'स्मृतिचित्रे' सर्वांत आवडतं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचे प्रसंग वाचताना मुलं लोळून हसतात, आणि टिळकांचा बाप्तिस्मा झाल्यावर लक्ष्मीबाईंची जी होरपळ झाली ती वाचताना तीच मुलं हुंदके देतात. धर्मांतर म्हणजे घरातल्या बाईच्या काळजाला काय सोसावं लागतं, ते कुठल्याही प्रवचनातून इतकं कळत नाही. बाबा पदमनजींचं १८५७ सालचं 'यमुनापर्यटन' आम्ही निवडक वाचलं. भाषा जुनी वाटते, पण विधवांचं दुःख जुनं होत नाही. हरि केशवजींनी १८४१ साली मराठीत आणलेल्या बन्यनच्या 'यात्रिकक्रमणा'ची मुलांना मी फक्त कथा सांगते. वसईकडच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या 'सुबोध बायबल'मधल्या टिपांचाही फार उपयोग होतो.

'श्यामची आई' वाचतो. तुकोबांचे अभंगही वाचतो. यावर एकदा कुरबुर झाली होती. मी टिळकांची आठवण दिली: तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं सांगणारा हा माणूस १९१२ ते १९१९ आपल्याच 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचा संपादक होता, आणि त्याची पदं आपण दर रविवारी उपासनेत गातो. आपली मुलं मराठी आहेत. त्यांच्या भक्तीला मराठीचं पोषण मिळालंच पाहिजे.

७. दुःखाची स्तोत्रं वगळू नका

शब्बाथशाळेच्या वह्यांत मेंढपाळाचं तेविसावं स्तोत्र असतं, शंभरावं असतं. अठ्ठ्याऐंशीवं मी कुठल्याही वहीत पाहिलेलं नाही. १५० स्तोत्रांमधली कितीतरी विलापाची आहेत, पण बहुतेकांच्या शेवटी कवी सावरतो. अठ्ठ्याऐंशीवं सावरत नाही. ते अंधारातच संपतं.

आमच्यातल्या एका बाईंचा तरुण मुलगा हायवेवर अपघातात गेला. लोक भेटायला येत, देवाची योजना असते म्हणत, तो जास्त चांगल्या ठिकाणी आहे म्हणत. त्या ऐकून घेत. शुक्रवारी येऊन भिंतीला टेकून बसत, तोंडातून शब्द काढत नसत. एका संध्याकाळी वाचायची पाळी कॉलेजातल्या एका मुलीची होती आणि तिनं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढलं. वाचून झालं तशी मंडळीतल्या एका ज्येष्ठ भावांनी लगेच रोमकरांस पत्रातलं सांत्वनाचं वचन काढायला घेतलं. मी हातानं थांबवलं. त्या बाई म्हणाल्या, "परत वाच गं." तिनं परत वाचलं. मग त्या बोलू लागल्या, मुलाबद्दल, त्याच्या बुटांबद्दल, दाराशी अजून तसेच ठेवलेल्या, आणि देवावरच्या रागाबद्दल. रात्री उशिरापर्यंत कुणी उठलं नाही.

देवाशी असंही बोलता येतं, हे शास्त्रात लिहून ठेवलेलं आहे. आत्म्याचं पोषण म्हणतात ते हेही आहे. मुलांनाही ही स्तोत्रं ऐकू द्यावीत, अगदी लहान वयातही. त्यांच्याही घरी दारू असते, भांडणं असतात, आजार असतो. आपण फक्त आनंदाची गाणी शिकवली तर दुःखाच्या दिवशी त्यांना वाटतं की आपल्यासाठी इथं काही नाही.

८. शिकवणीला आमिष बनवू नका

मी ज्या शाळेत शिकवलं तिथं बहुसंख्य मुलं ख्रिस्ती नव्हती. प्रभूचे दाखले मी त्यांनाही वाचून दाखवले. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरल्या भावाची बाजू घेऊन एक मुलगा वर्गाशी तासभर भांडला होता. तो कुठल्या धर्माचा हे त्या तासाला कुणाच्या ध्यानातही नव्हतं. कुणाला प्रार्थनेला हात जोडायला लावलं नाही, आणि फीची सवलत वा पुस्तकं देताना तू रविवारी येतोस का, असंही विचारलं नाही. ख्रिस्ती शिक्षकानं हे फार काटेकोरपणे पाळायला हवं. देणं आहे ते द्यावं आणि हात मोकळा ठेवावा.

नगरला या बाबतीत थोर वारसा आहे. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत आली आणि पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत १८६२ साली इथंच वारली. जोतीराव फुल्यांनी त्या शाळा पाहिल्या. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे नगरला फरारबाईंकडे घेतले. दोघांनीही धर्म बदलला नाही, आणि साऱ्या महाराष्ट्राच्या मुली शिकल्या. फरारबाईंचं काम वाया गेलं असं कोण म्हणेल? पुण्याकडच्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदनात छापखाना घातला आणि निराधार म्हणून आलेल्या मुलींना खिळे जुळवायला शिकवलं. हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी स्वतः केलेलं सबंध मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ साली, तिथंच छापून झालं. दुष्काळानं दारोदार केलेल्या मुलींच्या बोटांनी ते शास्त्र अक्षर-अक्षर जुळवलंय. मन आणि आत्मा यांचं शिक्षण वेगळं करता येत नाही, हे मला केडगावनं शिकवलं.

९. काही बारीकसारीक

वार आणि वेळ बदलू नका. दोनच माणसं आली तरी वाचा. मोबाईल दाराशी टोपलीत. एकच मोठ्या टाइपाची प्रत, ती फिरती ठेवावी. प्रत्येकाच्या हातात पुस्तक असलं की ऐकणं थांबतं आणि माना खाली जातात. वाचताना अडखळणाऱ्या मुलाला मध्येच दुरुस्त करू नये. पाळकसाहेब आले तर त्यांनीही श्रोत्यांत बसावं. आमचे बसतात, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. शेवटी चहा आणि काहीतरी खायला हवंच, एज्राच्या काळापासून ती रीत आहे. आणि जो आला नाही त्याच्या घरी कुणीतरी डबा घेऊन जावं.

१०. पुस्तक निवडायचं काम तरुणांकडे द्या

गेल्या वर्षापासून काय वाचायचं ते बारावीच्या आणि कॉलेजच्या मुली ठरवतात. उपदेशकाचं पुस्तक त्यांनी निवडलं, बारा अध्याय, आणि सगळं व्यर्थ म्हणणारा हा माणूस त्यांना आपल्या वयाचा वाटला याचं मला नवल वाटलं. आता त्यांनी ईयोब काढलंय. बेचाळीस अध्याय, त्यातले बहुतेक मित्रांचे वाद. ज्येष्ठांचं म्हणणं, लहान मुलं कंटाळतील, पहिले दोन आणि शेवटचा वाचा. मुलींचं म्हणणं, मधलं गाळलं तर ईयोब देवाशी भांडला हेच गळून जाईल. मी मुलींच्या बाजूनं आहे. सरवा दाखवणाऱ्या आजीही त्यांच्याच बाजूनं आहेत. त्यांनी विचारलं, ते मित्र दुःखी माणसाजवळ सात दिवस न बोलता बसले होते ना, मग नंतर त्यांना बोलायची बुद्धी कुणी दिली, ते ऐकायचंय. मुलींनी मित्रांची भाषणं आपसांत वाटून घेतली आहेत. ईयोब कोण वाचणार यावर अजून एकमत नाही. दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या शुक्रवारी सुरुवात.